बिनधुराचा कोळसा आणि बंद दार

थंडी सुरू झाली की वस्तीत कोळशाला भाव येतो. पूर्वी तो इस्त्रीवाल्याला, कणीसवाल्याला आणि बाळंतिणीच्या शेकाला लागायचा. आता पोरं थर्टीफर्स्टला गमेल्यात निखारे करतात, वर जाळी ठेवून कोंबडी भाजतात आणि त्याला बार्बेक्यू म्हणतात. खुशाल करू द्या. सुका बोंबील, वांगं, कणीस आपण निखाऱ्यावर भाजतच आलो आहोत. पण कोळसा कसा घ्यावा हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि तो कुठे पेटवू नये हे तर घरातल्या मोठ्यांनाही सांगावं लागतं.

वखारीत गेलात की दोन तुकडे हातात घ्या आणि एकमेकांवर आपटा. चांगला लाकडी कोळसा हलका पण टणक असतो, आवाज खणखणीत येतो, फोडला तर आतून काळा चमकतो. आवाज बोदा आला तर तो ओला आहे. वजन वाढवायला पाणी मारलेली गोणी सर्रास खपवतात, म्हणून तळाशी हात घालून बघा. पाण्याला कोळशाचा भाव कशाला द्यायचा? फोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो कच्चा जळलेला आहे, तो धूर करणार आणि डोळे झोंबवणार. बाभळीचा कोळसा बराच वेळ टिकतो. दगडी कोळशावर खायचं काही भाजू नका, त्यात गंधक असतं. जुन्या दारांचं रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात म्हणून जाळतात, त्यांचा विषारी धूर थेट अन्नाला लागतो. रॉकेल ओतून पेटवू नका. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, मगच कोंबडी ठेवा.

हा कोळसा पाडतं कोण, तेही एकदा विचारा. रायगड, ठाण्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्ट्यांवर जातात आणि ती उचल वर्षानुवर्षं फिटत नाही. भाव करताना मला ते आठवतं.

आता माझा खरा मुद्दा. आपल्याकडे समज असा की धूर नाही म्हणजे धोका नाही. उलट आहे. कच्चा कोळसा निदान खोकला आणून सावध तरी करतो. उत्तम कोळसा गुपचूप जळतो, आणि त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतोच. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो, शेजारी झोपलेल्यालाही कळत नाही.

आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यात जास्त धोका बाळंतिणीला असतो. वारा लागू नये म्हणून दार बंद, खिडकीच्या फटीत चिंध्या, बाजेखाली शेगडी आणि बाजूला दिवसांचं बाळ. आजीची माया खरी आहे, मी तिला रागावत नाही. पण ही शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. शेकायला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून घ्या, आईला उबदार कपडे द्या. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घाला, त्याहून चांगली ऊब त्याला दुसरी नाही. धुरी द्यायचीच असेल तर दारं उघडी ठेवून, बाळाला बाहेर नेऊन द्या. गरोदर बाईलाही बंद खोलीतल्या निखाऱ्यापाशी बसवू नका, पोटातल्या बाळापर्यंत हा वायू पोचतो. थर्टीफर्स्टचं गमेलंही गार वाटलं म्हणून घरात आणू नका. राखेखाली निखारे तासन् तास धगधगत असतात.

शेगडी पेटलेल्या घरात एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, पायातलं बळ गेलं तर त्याला पित्त म्हणू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन करा. दवाखान्यात बोटाला लावतात ते ऑक्सिजनचं यंत्र अशा वेळी आकडा चांगलाच दाखवतं, कारण या वायूला ते ऑक्सिजनच समजतं. म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. "खोलीत कोळशाची शेगडी होती" हे पहिलं वाक्य सांगा.