धातूचा शिणवटा

लोखंडी तार हातात धरून ती एकाच जागी दहा-वीस वेळा मागेपुढे वाकविली की तुटते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. एका झटक्यात जे साधले नसते ते थोडथोडक्या जोराने वारंवार वाकविल्यामुळे साधते. नांदेड-लातूर रस्त्यावर मालमोटार हाकणाऱ्या एखाद्या चालकास विचारावे. भार बेताचाच असताना क्षुल्लक खड्ड्यात पाटा तुटल्याची हकीकत तो सांगेल. खापर त्या शेवटच्या खड्ड्यावर फुटते, परंतु त्यापूर्वीच्या हजारो खड्ड्यांनी तो पाटा आतून चिरत आणलेला असतो. यासच धातूचा शिणवटा म्हणतात. रस्त्यावर पाटा तुटला तर खोळंबा होतो. आकाशात पंखाची तुळई तुटली तर काय होते, याचा विचार आता मराठवाड्यातील नागरिकांनीही केला पाहिजे.

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद विमानसेवेचा प्रारंभ केला, तेव्हापासून विमान ही आपल्याकडे केवळ मुंबईकरांची वस्तू राहिलेली नाही. सेवा कधी चालली, कधी खंडली, ते असो. मुद्दा असा की, लहान शहरांच्या वाट्यास येणारी उड्डाणे आखूड पल्ल्याची असतात आणि आखूड पल्ल्याचे विमान दिवसातून अनेकदा चढते व उतरते. धातू वर्षे मोजीत नाही, तो हेलकावे मोजतो. जमिनीवर उभ्या विमानाचे पंख स्वतःच्या व इंधनाच्या भाराने खाली झुकलेले असतात. उड्डाण होताच तेच पंख साऱ्या विमानाचा भार उचलून वर वाकतात. प्रत्येक फेरीस एक मोठा हेलकावा ठरलेला, आणि वैशाखातील दुपारी तापलेल्या पठारावरून उठणाऱ्या वाऱ्याचे लहान हिसके निराळेच. पंखाच्या खालच्या अंगास, त्याच्या मुळाशी, बोल्टसाठी पाडलेल्या छिद्राच्या कडेवर केसाएवढी चीर प्रथम जन्मास येते.

हे ज्ञान विमानाच्याही आधीचे आहे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायनजीक आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हापासून हा प्रश्न विद्वानांपुढे आला, आणि व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्याने पुढे वर्षानुवर्षे प्रयोग करून त्याचे नियम बसविले. पोलादावरील ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर ते जवळजवळ कितीही हेलकावे सोसते. विमान ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे बनते त्यांस अशी निश्चित मर्यादा नाही. त्यांचे आयुष्य ताण कमी ठेवून लांबविता येते, अमर्याद करता येत नाही.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या एका इंजिनातील कॉम्प्रेसरची चकती शिणवट्याने पडलेल्या चिरेमुळे फुटली. तिच्या तुकड्यांनी इंजिनाचे कवच भेदले, इंधनाच्या नळ्या तोडल्या आणि आग भडकली. वैमानिकाने विमान परत फिरविले. परंतु नियंत्रणाची साधनेच निकामी झाली आणि सांताक्रूझच्या धावपट्टीजवळ ते कोसळले. ९५ जण आत होते. एकही वाचला नाही. चीर उघड्या डोळ्यांस दिसण्याजोगी जागा ती नव्हती हे खरे, पण न दिसणाऱ्या जागी काय पाहावे हे ठरविणे हेच तर तपासणीचे शास्त्र आहे.

त्यापूर्वी, मे १९५३ मध्ये, कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेले कॉमेट जातीचे नवेकोरे जेट विमान वादळात तुटून ४३ जण मरण पावले. दोष वादळास दिला गेला. पुढच्या वर्षी इटलीनजीक समुद्रावर आणखी दोन कॉमेट विमाने आकाशातच फुटली, तेव्हा इंग्रज शास्त्रज्ञांनी एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत घालून हवेचा दाब चढविण्या-उतरविण्याची नक्कल केली. सुमारे तीन हजार फेऱ्यांनंतर त्याची काया फाटली. तेव्हा शिणवटा हा केवळ म्हाताऱ्या विमानांचा रोग आहे, अशीही समजूत नको.

तथापि म्हातारपणाचा धोका वेगळा असतो, कारण त्यात सवयीची भर पडते. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत मायामीजवळ १९४७ साली बांधलेल्या एका जलविमानाचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेच गळून पडला आणि वीस माणसे गेली. त्या पंखातून इंधन झिरपत असल्याची तक्रार पूर्वीपासून होती. डागडुजी होत राहिली, झिरपण्याचे मूळ कोणी शोधले नाही. १९८८ साली हवाई बेटांवर ८९ हजारांहून अधिक फेऱ्या झालेल्या एका बोइंगचे छत उडून गेले व एक परिचारिका बाहेर फेकली गेली. विमानात चढताना दरवाजाजवळची चीर एका प्रवासी बाईने पाहिली होती, पण ती कोणास बोलली नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडचा माणूस भिंतीवरील चीर पाहून गप्प बसत नाही. ती सवय विमानाच्या पायरीवरही सोडू नये.

जुने विमान म्हणजे धोक्याचे विमान, असे आमचे म्हणणे नाही. नियमाने तपासलेले वीस वर्षांचे विमान दुर्लक्षिलेल्या पाच वर्षांच्या विमानापेक्षा खात्रीचे. पण तपासणार कोण? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील मंजूर जागांपैकी निम्म्याच्या आसपास जागा रिकाम्या असल्याचे संसदीय समितीनेच २०२५ साली दाखविले. नवी धावपट्टी, नवे टर्मिनल, फीत कापण्याचे समारंभ यांस सरकारजवळ उत्साह आहे. क्ष-किरण व ध्वनिलहरींनी चिरा हुडकणाऱ्या तंत्रज्ञास पगार देताना मात्र तो ओसरतो. प्रत्येक विमानाच्या आजवरच्या फेऱ्या किती आणि त्याची शेवटची मोठी तपासणी केव्हा झाली, हे दोन आकडे तिकिटासोबत प्रवाशास कळले पाहिजेत. यात कोणत्याही कंपनीचे व्यापारी गुपित फुटत नाही.

लातूरकरांचा यात आणखी एक संबंध आहे. हरंगुळच्या रेल्वे डबा कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला. वेगवान गाड्यांचे डबे बांधावयाचे तर चाक, आस आणि सांध्यांचे जोड यांच्या शिणवट्याशी रोज गाठ आहे. जर्मनीत एशेडे येथे १९९८ साली एका चाकाची धाव शिणून तुटली आणि १०१ माणसे मेली. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत १९८१ पासून अभियंते घडत आहेत. तेथे न मोडता धातू तपासण्याची सुसज्ज प्रयोगशाळा रेल्वेच्या खर्चाने चालावी, आणि हरंगुळच्या कारखान्यात लागणारे तपासनीस तेथूनच घ्यावेत, अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात करावी.