कासच्या पाण्याची राखण

कास तलावाच्या भिंतीची उंची वाढवून त्याची साठवण सुमारे 0.1 टीएमसीवरून 0.5 टीएमसीपर्यंत नेण्याचे जे काम सातारा नगरपालिकेसाठी झाले, त्याचा मी निःसंदिग्ध समर्थक आहे. कारण शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरील डोंगरमाथ्याचे हे पाणी इंग्रजी अमदानीपासून आधी पाटाने व पुढे नळाने, केवळ उताराच्या बळावर साताऱ्याला मिळत आले आहे. परंतु भिंत वाढली म्हणजे पाण्याची कायमची तजवीज झाली, हा समज मला घातक वाटतो.

तलाव भरतो तो सड्यावरच्या, म्हणजे कासच्या पठारावरच्या, पावसाने. तेथे जांभ्याच्या थरावर ठिकठिकाणी वीतभरही माती नाही. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र दगडातून मुरते आणि पाऊस सरल्यानंतरही कडेच्या झऱ्यांतून पाझरत राहते. त्याच मातीत फुलणाऱ्या फुलांमुळे हे पठार पश्चिम घाटाबरोबर 2012 साली जागतिक वारशात गेले, आणि त्या कीर्तीमागोमाग यवतेश्वरापासून पुढे रस्त्याच्या कडेने हॉटेले उभी राहिली. यांपैकी जी बांधकामे तलावाच्या पाणलोटात येतात किंवा पुढे येतील, त्यांचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडले तरी जांभा ते गाळीत बसत नाही, आपल्या पोकळ्यांतून त्याला सरळ वाट करून देतो.

उगमाचे पाणी वाटेत नासले म्हणजे काय होते, हे कृष्णाकाठच्या सांगलीकरांना निराळे सांगावयास नको. शहराचे सांडपाणी आणणाऱ्या शेरी नाल्याचे काळे पाणी कृष्णेच्या प्रवाहात शिरताना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि उगमाजवळ निर्मळ असलेली नदी दारात येईतो नासली म्हणजे शुद्धीकरणावर खर्च करूनही नागरिकांच्या मनातील शंका फिटत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. साताऱ्याच्या पाण्याचा उगम आज तरी आपल्या हाती आहे.

पर्यटनावर चार पैसे मिळविणाऱ्या स्थानिक रयतेचे काय, हा आक्षेप रास्त आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी येथील ग्रामस्थांची राहती घरे व वहिवाटीची शेते यांना हात लावावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट शहराच्या पाणीपट्टीतील काही हिस्सा या गावांना दरसाल द्यावा आणि राखणीचे काम त्यांच्याकडेच सोपवावे, हेच न्यायाचे होईल. प्रतिबंध हवा तो पाणलोटातील नव्या व्यापारी बांधकामांना.

म्हणून नगरपालिकेने व जिल्हाधिकाऱ्यांनी कासच्या पाणलोटाची मोजणी करून त्याची हद्द गटनंबरांसह जाहीर करावी, सातबाऱ्यावर तशी नोंद घालावी आणि तोवर त्या हद्दीत एकाही नव्या हॉटेलास परवानगी देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा