कारूचं पाणी कुणाचं?

दक्षिण आफ्रिकेतला कारू म्हणजे रखरखीत माळ. पवनचक्की भुईखालचं पाणी उपसते तेव्हा गावं जगतात. तिथं शेल कंपनीला फ्रॅकिंगसाठी गॅस शोधायचा होता. फ्रॅकिंग म्हणजे लाखो लिटर पाणी, वाळू, रसायनं दाबानं घुसवून खोलातला खडक फोडायचा. २०११ साली सरकारनं परवाने रोखले, २०१२ साली बंदी उठवली.

गोरे शेतमालक ओरडले, 'पाणी वाचवा!' वाचवाच. पण याच माळावरून सान-खोई लोकांना बंदुकीनं हुसकावलं, तेव्हा पाणी कुणाचं होतं?

सरकार म्हणालं, 'नोकऱ्या येतील.' च्यायला, बेकाराच्या भुकेवर सौदा?

दोस्तांनो, वर्णभेदानं गावाबाहेर फेकलेल्या वस्तीतल्या पोरानं एकच का निवडावं? त्याला पाणी पाहिजे, जमीन पाहिजे, कामही पाहिजे. फोडायचाच तर आधी मालकीचा खडक फोडा!