बायकांवरच्या पीएचडीचा उपयोग काय?

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "सरकारी पैशातून कसल्या कसल्या पीएचड्या चालतात! जनावरांच्या रोगावर संशोधन करा, एकवेळ समजू शकतो. शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे. पण हुकूमशाहीतल्या बायकांचं आयुष्य? त्याचं काय लोणचं घालायचंय?" खाली पंधरा अंगठे आणि सहा हसरे चेहरे.

मी तिथे उत्तर दिलं नाही. ग्रुपवर वाद सुरू झाला की ॲडमिन "राजकारण नको" म्हणून कुलूप लावतो. म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

या दोन्ही विषयांवरचं संशोधन एका देशात शेजारी शेजारी बघायला मिळतं. तो देश स्पेन. तिथे जनरल फ्रँकोची हुकूमशाही १९३९ ते १९७५ अशी छत्तीस वर्षं चालली.

आधी 'उपयोगाचा' विषय घेऊ. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग. माणसाला होत नाही, पण डुकरांत शिरला की वाडेच्या वाडे रिकामे करतो. १९५७ मध्ये तो पोर्तुगालमध्ये पोचला. लिस्बन विमानतळाजवळच्या डुकरांना विमानातलं उष्टं खरकटं घातलं गेलं, त्यातून आला असं मानतात. १९६० मध्ये तो स्पेनमध्ये शिरला आणि पुढची पस्तीस वर्षं मुक्काम ठोकून बसला.

पस्तीस वर्षं का लागली? कारण रोग ओळखणंच अवघड होतं. ताप, अंगावर लालजांभळे चट्टे, पटापट मरतूक. दुसऱ्या एका जुन्या स्वाइन फीव्हरमध्ये हुबेहूब हेच दिसतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यात काही डुकरं रोग होऊनही जगायची आणि वरून ठणठणीत दिसायची. सांचेस बोतिखा या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिलं, की जुन्या वाड्यांच्या भिंतींच्या फटींत राहणारी एक गोचीडही हा विषाणू सांभाळून असते. म्हणजे डुकरं मारली, वाडा रिकामा केला, वर्षं गेली, नवी डुकरं आणली, की फटीतली गोचीड बाहेर यायची आणि रोग पुन्हा उभा.

मार्ग निघाला तो रक्ताच्या चाचणीतून. सांचेस-विस्काइनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगासाठी एलायझा चाचणी बसवली. स्वस्त, झटपट, एकावेळी हजारो नमुने तपासता येतील अशी. १९८५ पासून देशभर मोहीम निघाली. पशुवैद्यांची फिरती पथकं गावोगाव गेली, रक्त घेतलं, निरोगी दिसणारी पण रोग बाळगणारी जनावरं शोधली, जुने वाडे सुधारले. आणि ज्याची डुकरं मारावी लागली त्याला भरपाई दिली. १९९५ मध्ये स्पेन या रोगातून मोकळा झाला. आज युरोपीय संघात सगळ्यात जास्त डुकरं याच देशात आहेत.

भरपाईचा मुद्दा जरा लक्षात ठेवा. माझा एक वर्गमित्र पशुधन विकास अधिकारी आहे. २०२२ मध्ये आपल्याकडे लम्पी पसरला आणि गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हा तो रात्री उशिरापर्यंत गोठ्यागोठ्यांतून फिरत होता. एकदा मी त्याला म्हटलं, "लोक आजार लपवतात कशाला रे?" तो म्हणाला, "लपवणारा माणूस वाईट नसतो. बोललो तर काय जाईल आणि काय मिळेल, याचा हिशेब तो करतो. त्या हिशेबात त्याचं नुकसान होणार असेल, तर तुझी प्रयोगशाळा कितीही भारी असू दे, नमुना तिथपर्यंत पोचणारच नाही."

आता त्याच देशातल्या बायकांकडे येऊ.

स्पेनमध्ये १९३१ साली बायकांना मताचा हक्क मिळाला होता, १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदाही झाला होता. फ्रँको आला आणि हे सगळं धुऊन निघालं. लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला, बँकेत खातं उघडायला, पासपोर्ट काढायला नवऱ्याची परवानगी लागायची. नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, असं चक्क कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. हे कलम मे १९७५ मध्ये गेलं, म्हणजे फ्रँको मरायच्या जेमतेम सहा महिने आधी. एकवीस वर्षांची सज्ञान मुलगीही पंचविशीपर्यंत आईबापाच्या संमतीशिवाय घराबाहेर राहू शकत नव्हती. लग्न केलं किंवा मठात गेली तरच सुटका. हा नियम १९७२ पर्यंत होता.

हे झालं कायद्यातलं. ते कुठल्याही ग्रंथालयात सापडेल, त्याला पीएचडी लागत नाही. पण कायद्याच्या आड काय चाललं होतं?

आणि इथे कुणी म्हणेल, "अहो, डुकरांची आणि बायकांची एका दमात काय चर्चा करता?" बरोबर आहे. ती तुलना मला करायचीच नाही. ती करणारा माणूस वेगळा होता.

आंतोनिओ वायेखो-नाखेरा हा फ्रँकोच्या सैन्यातला मनोविकारतज्ज्ञांचा प्रमुख. यादवी युद्धाच्या अखेरीस त्याने मालागाच्या तुरुंगातल्या पन्नास राजकीय कैदी बायकांवर 'संशोधन' केलं आणि १९३९ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. त्याला शोधायचं होतं, की माणसाला मार्क्सवादी करणारा दोष मनात कुठे असतो. निष्कर्ष काय काढला? बाईचं मन मुलाच्या आणि जनावराच्या मनाशी जुळणारं असतं, वरचे लगाम सुटले की तिच्यातलं क्रौर्य बाहेर येतं. म्हणजे राजकीय मत हाच आजार, आणि मत असलेली बाई ही रोगी. अशा आयांपासून मुलं दूर ठेवलेली बरी, असा विचार त्याने मांडला. १९४० च्या हुकमाने तुरुंगातल्या आयांना मूल तीन वर्षांचं होईपर्यंतच जवळ ठेवता यायचं. पुढे अशा मुलांची नावं बदलून नोंदवायची सोयही कायद्याने केली.

ग्रुपवरच्या मित्राला मला हेच सांगायचंय. हुकूमशाहीने बायकांवर संशोधन केलं नाही असं नाही. केलं. सरकारी पैशातूनच केलं. फक्त निदान आधी ठरलेलं होतं आणि जिच्याबद्दल चाललंय तिला बोलायची परवानगी नव्हती. आज कुणी त्या बायकांवर पीएचडी करतं तेव्हा ते चुकीचं निदान खोडण्याचं काम चाललेलं असतं. पशुवैद्यकात चुकीचं निदान झालं तर कळप जातो. इथे पिढ्या गेल्या.

१९४१ मध्ये तिथे 'स्त्री संरक्षण मंडळ' नावाचं सरकारी खातं उभं राहिलं. मानद अध्यक्षा खुद्द फ्रँकोच्या पत्नी. नाव संरक्षणाचं. काम काय, तर 'घसरलेल्या' किंवा 'घसरण्याचा धोका असलेल्या' मुलींना सुधारगृहात टाकायचं. धोका कशाला म्हणायचं? रात्री नाचायला गेली, मुलाबरोबर फिरताना दिसली, लग्नाआधी दिवस गेले, घरच्यांना उलट बोलली, मोर्चात दिसली. कधी बापच घेऊन यायचा, कधी शेजारी कागाळी करायचे. गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. आत आलेल्या मुलीला आधी 'निरीक्षण आणि वर्गीकरण केंद्रा'त ठेवायचे. तिथे डॉक्टर ती कुमारी आहे की नाही ते तपासायचे आणि त्यावरून तिला कुठल्या संस्थेत पाठवायचं ते ठरायचं. बहुतेक संस्था जोगिणींच्या हाती होत्या.

आता वर्ष बघा. फ्रँको १९७५ मध्ये गेला. १९७८ मध्ये लोकशाही राज्यघटना आली. हे मंडळ बंद झालं १९८५ मध्ये! हुकूमशहा गेल्यावर दहा वर्षं, मतदान होत असताना, संसद चालू असताना ते चालूच होतं. वाडा रिकामा दिसत होता, फटीतली गोचीड जिवंत होती.

आणि हे इतकी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही? पुन्हा माझ्या मित्राचा हिशेब. ज्या मुलींनी ते भोगलं त्या बाहेर पडून संसाराला लागल्या. बोलल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं, "तू काय केलं होतंस म्हणून तुला आत टाकलं?" नुकसान बोलणारीचंच. म्हणून नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. वरून ठणठणीत.

हे मौन आधी बायकांनीच फोडलं. तोमासा क्वेवास स्वतः फ्रँकोच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेली बाई. १९७० च्या दशकात ती टेपरेकॉर्डर घेऊन देशभर फिरली, जुन्या कैदी मैत्रिणींना गाठलं, त्यांचं बोलणं टेप केलं. पुढे त्याची पुस्तकं झाली. माद्रिदमधला वेंतास तुरुंग बांधला होता पाचएकशे बायकांसाठी, कोंबल्या होत्या हजारो. आत भूक, उवा, पहाटे फाशी-गोळीसाठी पुकारली जाणारी नावं. हे असं बारकाव्यानिशी कळतं ते अशा साक्षींमुळेच. संरक्षण मंडळाबद्दल कोन्सुएलो गार्सिया देल सिद यांनी २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या स्वतः त्या सुधारगृहातून गेलेल्या. २०१८ मध्ये कार्मेन गियेन यांनी मुर्सिया विद्यापीठात याच मंडळावर पीएचडी केली. त्याच विद्यापीठात पशुवैद्यकाची शाखाही आहे. तिथे कुणी ग्रुपवर विचारलं असेल का, की यातली कुठली ठेवायची आणि कुठली बंद करायची?

आपल्याला ही पद्धत नवी नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांचं ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये केलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर कितीतरी जणींचं काम त्यांच्याबरोबरच संपलं असतं. सरकारी दप्तरात ते शोधून सापडलं नसतं. रक्ताचा नमुना गोठवून ठेवता येतो. आजीची आठवण गोठवता येत नाही.

फरक एकच आणि तो मोठा आहे. डुकराला संमती विचारावी लागत नाही. बाई मात्र नमुना नसते, साक्षीदार असते. तिने सांगायचं की नाही, किती सांगायचं, नाव लावायचं की नाही, हे तीच ठरवणार. वायेखो-नाखेराचं 'संशोधन' आणि आजचं संशोधन यातली रेघ ती हीच.

शेवटी २०२५ सालातल्या दोन गोष्टी सांगतो. जूनमध्ये स्पेनच्या धार्मिक संस्थांच्या महासंघाने माद्रिदमध्ये कार्यक्रम घेऊन त्या सुधारगृहांतल्या बायकांची जाहीर माफी मागितली. समोर बसलेल्या अनेकींनी ती तिथल्या तिथे नाकारली. विसरणार नाही आणि माफही करणार नाही, असं ओरडून सांगितलं. नुसत्या शब्दांवर त्यांचं समाधान नव्हतं. डुकरांच्या मालकाला भरपाई मिळाली होती, हे आठवून बघा.

आणि नोव्हेंबरअखेर बार्सिलोनाजवळ मेलेल्या रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला. तीस वर्षांनी. सापडला का, तर मेलेली रानडुकरं तपासायची पद्धत त्यांनी चालू ठेवली होती म्हणून. "रोग गेला, आता प्रयोगशाळेचा खर्च कशाला" असं म्हणून टाळं लावलं असतं तर कळायला किती उशीर झाला असता! आपल्याकडे २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये हाच रोग शिरला तेव्हा नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. ती आधीपासून होती म्हणूनच जाऊ शकले.

हुकूमशाहीचंही तेच. ती गेली म्हणून तिची तपासणी बंद करता येत नाही. परत येते तेव्हा ती पाटी लावून येत नाही, 'संरक्षण' असं काहीतरी नाव घेऊन येते. तेव्हा ते ओळखायला आधीचा एखादा प्रबंध कपाटात असावा लागतो.

मित्रा, लोणच्याचं विचारलं होतंस ना? लोणचं तरी आपण कधी घालतो? जे पुढे हाताशी लागणार आहे ते टिकावं म्हणून.

पटलं नाही तर खाली बिनधास्त लिहा. इथे कुलूप लावत नाही.