ब्रायटनची वारी

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास कन्येकडे इंग्लंडांत राहण्याचा योग आला. लंडनच्या दक्षिणेस क्रॉली नांवाचें गांव आहे, तेथें तिचें बिऱ्हाड. नोव्हेंबरांतील पहिल्या रविवारीं सकाळीं जांवई म्हणाले, "बाबा, कानटोपी घाला आणि चला. आज आपल्या गांवावरून वारी जायची आहे." परक्या मुलुखांत वारी कसली, असें मनाशीं म्हणत मी त्यांच्या मागोमाग हमरस्त्यावर जाऊन उभा राहिलों.

थोड्याच वेळांत लांबून फट्‌फट् असा आवाज येऊं लागला आणि धुक्यांतून एकामागून एक अशीं कांहीं वाहनें प्रगट झालीं कीं, घोडे सोडून ठेवलेल्या बग्ग्याच आपल्या पायांनीं चालत येत आहेत, असें क्षणभर वाटलें. लांकडी आऱ्यांचीं चाकें, पितळेचे लखलखीत दिवे, समोर वारा अडविण्यास कांच नाहीं, बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर नाहीं. कित्येकांस तर वळविण्याचें चाकहि नाहीं, त्याऐवजीं नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा. आंत शाली-कांबळीं गुंडाळून बसलेले वृद्ध, तरुण, स्त्रिया आणि मुलें. चढ आला कीं एखाद्या गाडींतला उतारू निमूटपणें खालीं उतरे आणि तिला मागून खांदा लावी. १ जानेवारी १९०५ पूर्वीं जी गाडी बांधली गेली असेल तिलाच या यात्रेंत प्रवेश मिळतो. लंडनच्या हाइड पार्कांतून सूर्योदयास निघावयाचें आणि सुमारें ६० मैलांवरील ब्रायटन येथें समुद्रकांठीं पोंचावयाचें. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नाहीं. सरासरी वेग ताशीं २० मैलांपलीकडे नेण्यास मनाई. ठरल्या वेळेंत जो पोंचेल त्याला एक पदक, इतकेंच. जन्मभर मुलांचे क्रमांक लावण्यांत ज्याचे दिवस गेले, त्या मजसारख्या मास्तराला परीक्षेची ही पद्धति फार आवडली, हें येथें कबूल करतों.

या वारीचा इतिहास मीं मग सवडीनें वाचला. तो मनोरंजक तर आहेच, पण त्यांत आपल्या घरच्या माणसांनींहि विचार करावा असें कांहीं आहे, म्हणून आज तो वाचकांपुढें ठेवतों.

इंग्लंडांत १८६५ सालीं एक कायदा झाला. यंत्रबळानें सडकेवरून चालणाऱ्या वाहनाचा वेग गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत २ मैल यांहून अधिक नसावा, त्यावर निदान तीन माणसें असावीं, आणि त्यांपैकीं एकानें लाल निशाण घेऊन वाहनाच्या ६० यार्ड पुढें पायीं चालावें, असा त्यांतील दंडक होता. कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें त्या वेळीं होतीं तीं वाफेचीं अवजड यंत्रें. त्यांनीं सडका उखडत आणि घोडे बुजत. १८७८ सालीं निशाणाची सक्ति गेली, तरी पुढें चालणारा मनुष्य कायमच राहिला. जर्मनींत कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या गाडीचें पेटंट घेतलें, फ्रान्समध्यें मोटारींच्या शर्यती होऊं लागल्या. पण इंग्लंडांत मोटार चालावयाची ती माणसाच्या पावलामागूनच.

हा बांध फोडणारे लोक एका मातीचे नव्हते. ईव्हलिन एलिस या सरदार घराण्यांतील गृहस्थानें १८९५ च्या जुलईंत फ्रान्सहून मोटार आणविली आणि मिकलडेव्हर स्टेशनापासून डॅचेटपर्यंत ५६ मैल ती उघड उघड हांकीत नेली. आपणांस पकडावें आणि त्या निमित्तानें कायद्याची चर्चा व्हावी, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. परंतु कोणीं पकडलेंच नाहीं! सर डेव्हिड सॉलोमन्स यांनीं त्याच वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं टनब्रिज वेल्स येथें बिनघोड्याच्या गाड्यांचें प्रदर्शन भरवून त्या सामान्य जनांस प्रत्यक्ष दाखविल्या. वॉल्टर आर्नोल्ड यास २८ जानेवारी १८९६ रोजीं, २ मैलांची मर्यादा असतां ८ मैलांच्या वेगानें जातांना, एका पोलिसानें सायकलवरून पाठलाग करून धरलें. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. आर्नोल्ड हा स्वतः बेंझ गाड्यांचा विक्रेता. तेव्हां त्या शिलिंगाच्या मानानें जाहिरात स्वस्तांत पडली, असेंच म्हटलें पाहिजे.

पण या हिशेबांत एक रकाना दुःखाचाहि आहे, तो गाळून चालणार नाहीं. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत लोकांस मोटारींतून फेरी मारून आणण्याचा कार्यक्रम चालला होता. ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची गृहिणी मुलीला घेऊन तेथें आली होती. गाडी अंगावर येतांना पाहून ती गोंधळली आणि तिच्याखालीं सांपडून मरण पावली. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं पादचारी मरण्याचा हा पहिला प्रसंग. जुने निर्बंध उठविणाऱ्या नव्या कायद्यास मंजुरी मिळून त्या दिवशीं अवघे तीन दिवस झाले होते. अपघाती मृत्यु असा निर्णय झाला आणि असा प्रकार पुन्हां न घडो, अशी इच्छा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें प्रगट केली, असें सांगतात. त्या इच्छेचें पुढें काय झालें, हें आज घरोघर ठाऊक आहे.

आतां वारीच्या मूळ पुरुषाकडे वळूं. त्याचें नांव हॅरी लॉसन. मोटारींचीं पेटंटें विकत घेऊन सगळ्या धंद्याचा मक्ता आपल्या हातीं ठेवावा, असा त्याचा डाव होता. इंग्लंडांतील डेमलर कंपनी त्यानेंच १८९६ सालीं उभारली. नवा कायदा १४ नोव्हेंबर १८९६ पासून अंमलांत आला. हलक्या गाड्यांपुढें मनुष्य चालविण्याचें कारण उरलें नाहीं, आणि वेगाची मर्यादा १४ मैलांपर्यंत वाढली. सरकारी खात्यानें ती १२ वर आणून ठेवली, तो भाग वेगळा. त्याच दिवशीं लॉसननें लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची 'मुक्तियात्रा' काढली. निघण्यापूर्वीं न्याहारीच्या वेळीं लॉर्ड विंचिल्सी यांनीं एक लाल निशाण सर्वांसमक्ष टराटरा फाडलें. त्या निशाणाची सक्ति १८ वर्षांपूर्वींच गेली होती; पण समारंभ म्हटला कीं फाडावयास कांहीं तरी लागतेंच!

दिवस पावसाचा आणि वाऱ्याचा होता. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी नसे; प्लॅटिनमची एक नळी बर्नरनें बाहेरून लाल तापवून ठेवीत, आणि वाऱ्यानें बर्नर विझला कीं गाडी जागच्या जागीं उभी. ३३ गाड्या निघाल्या व १७ पोंचल्या, असा हिशेब सांगतात. त्यांतलीहि एक आगगाडींत घालून आणली आणि चिखल फांसून शेवटीं रांगेंत सोडली, असा प्रवाद आहे.

मुक्ति हें नांव. कंपन्यांचे भाग खपविणें हें काम. पेटंटांचा मक्ता लवकरच कोसळला. १९०४ सालीं लॉसनवर फसवणुकीचा खटला झाला आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९२५ सालीं तो वारला, आणि पुढें दोनच वर्षांनीं, १९२७ सालीं, त्याच्या त्या मिरवणुकीच्या स्मरणार्थ जुन्या मोटारी पुन्हां ब्रायटनच्या वाटेस लागल्या. दुसऱ्या महायुद्धाचीं वर्षें, पेट्रोलच्या टंचाईचें १९४७ साल आणि साथीचें २०२० साल सोडल्यास ही वारी आजवर चुकलेली नाहीं.

संस्कृतांत घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय आहे. लांकूड पोखरणारा किडा पोटासाठीं पोखरीत जातो, आणि त्या कोरण्यांतून एखादे वेळीं अवचित अक्षर उमटतें. लॉसननें पोटासाठीं लांकूड कोरलें. त्यांत अक्षर उमटलें आहे, हें ओळखलें मागून येणाऱ्या लोकांनीं. १९३० सालीं व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. कोणती गाडी खरोखर कोणत्या सालची, हें कागदपत्रें आणि यंत्राचे भाग ताडून ठरविण्याचें काम तो करीत आला आहे. एखाद्या पोथीचा काळ आपले पंडित ठरवितात, त्याच जातीचें हें काम. त्याच १९३० सालीं सनबीम मोटरसायकल क्लबानें मोटारसायकलींची धाकटी वारी सुरू केली. १९१५ पूर्वींचीं यंत्रें तेवढीं तींत घेतात, आणि एप्समहून ब्रायटनपर्यंत तीं जातात. त्यांतील कित्येकांस गिअर नाहींत. साखळीच्या जागीं पट्टा. स्वार पायडल मारून नाहीं तर शेजारून धांवून यंत्र सुरू करतो, आणि वाटेंत हातपंपानें त्याला तेल पाजीत जातो.

क्रॉलीस एका गाडीचा मालक रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून पट्टा घट्ट करीत होता. वय सत्तरीच्या पुढें, हात कोपरापर्यंत काळे. जांवयांच्या मध्यस्थीनें मीं त्यांस विचारलें, "हिचें मूळचें असें किती उरलें आहे?" ते हंसून म्हणाले, "सांगाडा आणि निम्मेंअधिक यंत्र. माझ्या वडिलांना ही कोंबड्यांच्या खुराड्यांत मिळाली. दहा वर्षें त्यांनीं दुरुस्त केली, तीस वर्षें मी करीत आहें, आणि हिला," वर बसलेल्या नातीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आतां पाना धरतां येतो." त्या म्हाताऱ्याला लॉसनचें नांव ठाऊक असेल किंवा नसेल. त्याच्या त्या काळ्या हातांशीं लॉसनच्या भागभांडवलाचा काय संबंध? एखादी चाल कोणीं आणि कां सुरू केली, एवढ्यावरून तिची किंमत ठरत नाहीं. ती पुढें कोणीं आणि कशासाठीं चालविली, यावरून ठरते.

हें लिहितांना एक गोष्ट मनाला टोंचते, ती सांगून हा लेख संपवितों. माझे वडील खेड्यांतल्या शाळेवर मास्तर होते. तीस वर्षें ते रोज सायकलनें जात-येत. दर खंडेनवमीस ते ती सायकल धूत, साखळीस तेल घालीत, आणि कुंकू लावून झेंडूचें फूल वाहत. ते गेल्यानंतर घराची आवराआवर करतांना मीं ती भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. किती पैसे आले तेंहि आज आठवत नाहीं. पुढें या लॉसनचें चरित्र वाचतांना असें दिसलें कीं, साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल त्यानें १८७९ सालींच योजिली होती. म्हणजे ज्याला मी लबाड म्हणून हंसलों, त्याच्या कल्पनेचा एक धागा माझ्या वडिलांच्या पायांखालीं तीस वर्षें फिरत होता. आणि मीं, त्यांच्या मुलानें, तो तराजूंत घातला.

घरांतली प्रत्येक जुनी वस्तु सांभाळावी, असें मी म्हणणार नाहीं. शहरांतल्या लहान घरांत तें शक्यहि नाहीं. पण वस्तु काढून टाकण्यापूर्वीं ती कोणीं, किती वर्षें आणि कोणासाठीं वापरली, एवढें तरी मुलांना सांगावें. सायकलीचा हवेचा पंप तेवढा कोनाड्यांत राहून गेला होता. इंग्लंडांतून परतल्यावर पुढच्या खंडेनवमीस मीं तो पुसून पुस्तकांशेजारीं पाटावर ठेवला. नातवानें विचारलें, "आजोबा, हें काय?" मीं त्याला जवळ बसविलें, आणि त्या दिवशीं पूजेला अंमळ उशीरच झाला.