साधने मोजली, समाधान कधी मोजणार?

दिव्यांगांसाठी मोफत साहित्य वाटपाचे शिबिर झाले की दुसऱ्या दिवशी बातमी येते: इतक्या तीनचाकी सायकली, इतक्या चाकाच्या खुर्च्या, इतकी श्रवणयंत्रे. आकडा खरा असतो; पण तो वाटपाचा असतो, वापराचा नव्हे. सहा महिन्यांनी त्यांतली किती साधने रोज वापरात आहेत आणि किती माळ्यावर धूळ खात पडली आहेत, हे क्वचितच कोणी विचारते.

कोल्हापूरला तरी हा प्रश्न परका वाटू नये. ऐन सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’. खुर्चीत बसलेला माणूस नुसता लाभार्थी नसतो, आपल्याला काय हवे हे त्यालाच नेमके कळते, हे या शहराने चार दशके पाहिले आहे.

वापरणाऱ्याचे हे मत शास्त्रीय पद्धतीने मोजताही येते. त्यासाठी कॅनडातील संशोधकांनी ‘क्वेस्ट’ नावाची प्रश्नावली तयार केली. तिच्या २००० सालच्या आवृत्तीत १२ मुद्दे आहेत. आठ साधनाविषयीचे: आकार, वजन, जुळवाजुळव, सुरक्षितता, टिकाऊपणा, वापरातील सोपेपणा, आराम आणि उपयुक्तता. उरलेले चार सेवेविषयीचे: साधन मिळण्याची प्रक्रिया, दुरुस्ती, तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि नंतरची विचारपूस. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण द्यायचे आणि शेवटी आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे तीन मुद्दे निवडायचे. काम दहा-पंधरा मिनिटांचे.

एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२७ प्रौढ वापरकर्त्यांना विचारले, तेव्हा सुमारे २९ टक्के साधने त्यांनी सोडून दिल्याचे आढळले. कारणे चार होती. साधन निवडताना वापरणाऱ्याचे मत घेतले नव्हते. साधन नीट काम देत नव्हते. काळानुसार गरज बदलली होती. आणि चौथे म्हणजे साधन फार सहज हाती आले होते. मोजमाप न घेता एकाच मापाच्या खुर्च्या वाटणाऱ्यांनी हे चौथे कारण दोनदा वाचावे. उंबरा ओलांडू न शकणारी किंवा पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलात रुतणारी खुर्ची कागदोपत्री उत्तमच असते.

याउलट १९६८ मध्ये आकाराला आलेला ‘जयपूर फूट’ पाहा. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, शेतात उतरणे हे आपल्याकडच्या माणसाचे जगणे लक्षात घेऊन तो घडवला गेला. म्हणूनच तो रुजला.

मात्र समाधान मोजतानाही एक फसगत होते. ज्याने साधन दिले तोच विचारायला आला, तर ‘चांगलं आहे साहेब’ यापलीकडे काय उत्तर मिळणार? ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण लहानपणापासून कानांवर पडलेली असते. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवणे आपल्याकडे कृतघ्नपणाचे मानले जाते. पण सरकारी योजनेतील साधन ही धर्माची गाय नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते दयेच्या नव्हे, हक्काच्या चौकटीत आणले आहे आणि त्यामागे करदात्यांचा पैसा आहे. तेव्हा दात मोजलेच पाहिजेत.

म्हणून विचारणारा वाटप यंत्रणेबाहेरचा असावा. त्याने शिबिराच्या मंडपात नव्हे, लाभार्थीच्या घरी जाऊन विचारावे. एकदा दीड महिन्याने आणि पुन्हा सहा महिन्यांनी. ‘समाधानी आहात का?’ असे मोघम न विचारता ‘काल किती वेळ वापरले? कुठे अडले? मोडले तर कोणाकडे नेता?’ असे विचारावे. फिजिओथेरपी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायच्या पाच टक्के निधीतून साधने घेताना ही उत्तरे समोर असावीत. दुरुस्तीला कमी गुण मिळाले, तर पुढच्या शंभर खुर्च्यांआधी तालुक्याच्या गावी एक कारागीर आणि सुट्या भागांची सोय व्हावी. वाटपाच्या फलकावर आणखी एक रकाना हवा: ‘सहा महिन्यांनंतर वापरात असलेली साधने’.