मेळघाट आहे ना जवळ!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तीन आठवडे पुण्याला लेकीकडे होते. परवा अचलपूरला परतले आणि आल्याआल्या डोकं तापलं. कारण सांगते.

पुण्यात लेक-जावई ऑफिसला गेले की मी रिक्षा करून एम्प्रेस गार्डनला जायची. रेसकोर्सजवळची ही जुनी बाग, ३९ एकरांची. नाव राणी व्हिक्टोरियाच्या मानाचं, पण चालवते अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था. जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा मुंगी शिरायला जागा नसते, पण आडवारी सकाळी गेलं तर चिटपाखरू नसतं. मोठमोठे वृक्ष, त्यांवर चढलेल्या मनगटाहून जाड वेली, पायाखाली पाचोळा. चार पावलं चालायचं, बाकावर टेकायचं, वर बघायचं, पुन्हा चालायचं.

नोकरीभर मी घंटेच्या आत शाळेत पोचायला धावले. नंतर दळण, भाजी, बँक. कुठेही पोचायचं नसताना चालता येतं, हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं! नात विचारायची, "आजी, आज किती स्टेप्स झाल्या?" मी म्हणायची, मोजायला विसरले गं.

इथे आल्यावर एका हळदीकुंकवाला हे कौतुकाने सांगत होते. घरचे यजमान मध्येच म्हणाले, "बाई, आपल्याले काय कमी हाये जी? मेळघाट हाये ना जवळ!" सगळे हसले. मी नाही हसले.

मेळघाट हा १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. तिथे पाठीमागे हात बांधून रमतगमत फिरायचं नसतं. तिथे गाडीत बसून, वाटाड्या घेऊन, परवानगीने जायचं असतं, आणि ते तसंच हवं. चिखलदरा म्हणाल तर परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, घाटाचा रस्ता. माझ्या शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. ती गच्चीवर फेऱ्या मारते. बारा पावलं झाली की कठडा, मग वळायचं. तिला मेळघाट दाखवणार का तुम्ही? जंगल वाघांसाठी राहू द्या. माणसांना गावातच सावली लागते, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात तर लागतेच लागते.

रस्त्यावर चाला म्हणाल, तर मोटारसायकली सोडा, माणसंच चालू देत नाहीत. "काहून जी बाई, कुठी निंगाल्या?" बाईच्या हातात पिशवी नसली की हा प्रश्न ठरलेला. मी तर हल्ली रिकामी पिशवी घेऊनच निघते!

"बागा बांधल्या की!" असंही ऐकवतात. एक मी रोज बघते. कमान, सिमेंटचं हरीण, कोरडं कारंजं, व्यायामाची लोखंडी यंत्रं. आणि जुन्या कडूनिंबांच्या अगदी बुंध्यापर्यंत फरशी. पाणी मुरायचं कुठून? दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच सांगितलं, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपल्या राज्यात तर शहरी झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि तो नगरपालिकांनाही लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं. म्हणजे माझ्या वयाच्या झाडाला कायद्यात तरी मान आहे!

पैसा नाही, हे कारण मला सांगू नका. मी मागतेय ते कारंज्याहून स्वस्त आहे. कडूनिंब, चिंच, वड यांची पाच-पन्नास झाडं. पहिले तीन उन्हाळे त्यांना टँकरने पाणी. मातीची पायवाट, पाठ टेकता येईल असे बाक, बायकांसाठी स्वच्छ संडास, आणि पहाटे पाचला उघडणारं फाटक. भोंगा नको, हरीण नको. सापन-बिच्छनच्या काठाने अशी एखादी जागा शोधली तर सापडणार नाही का?

एम्प्रेसला तिकीट काढावं लागतं, हेही सांगते, नाहीतर म्हणाल बाईंना पुण्याचंच कौतुक. पण तिथे शिरताना कुणी विचारत नाही की कशाला आलात.

असो. नगरपालिकेसाठी अर्ज लिहून ठेवलाय. शुद्धलेखन दोनदा तपासलंय. शेजारणीची पहिली सही झाली. भाचे-पुतणे मंडळींनो, दिवाळीला याल तेव्हा फराळाच्या आधी सही करायची आहे. आणि "मेळघाट आहे ना" म्हणणाऱ्याला चकली मिळणार नाही.